गावात राहिलेलं शेवटचं प्रकरण

इंदू,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर मागच्या बाकावर बसून मला कोपराने ढोसलं असतंस. पहिल्या वक्त्याने तुला आदर्श शिक्षिका म्हटलं. दुसऱ्यानेही तेच म्हटलं, फक्त हात जोडून. तिसऱ्याने तुला ज्ञानाचा अखंड तेवणारा नंदादीप केलं. चित्रकलेचे सर गेले तेव्हा हाच नंदादीप याच माणसाच्या तोंडून तेवला होता आणि तू माझ्या कानात विचारलं होतंस, "तेल कोण घालता रे ह्याका?" अध्यक्षांनी तुला दोनदा सिंधूताई म्हटलं. घरी मालवणीत रडलेली माणसं माइकसमोर येऊन प्रमाण मराठीत रडली.

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण तासाभरात त्या व्यासपीठावर एक बाई तयार झाली: शांत, सोशिक, मितभाषी, कधी आवाज न चढवणारी. मितभाषी, आणि तू! हाराखालच्या फोटोतली बाई हुबेहूब तुझ्यासारखी दिसत होती आणि तुझ्याशी तिचा काही संबंध नव्हता. मला आपलं 'बारा मालकांचं पुस्तक' आठवलं. माझ्या डोळ्यांदेखत तुझं प्रतिरूप तयार होत होतं. आणखी वर्षभराने गावाला तेच आठवेल, आणि तुझ्याबद्दल विचारलं तर मीही कदाचित नंदादीपच सांगेन.

म्हणून घाईने लिहायला बसलोय. त्या नकलेने तुझी जागा घेण्याआधी तुला होतीस तशी कागदावर गाठायची आहे.

हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. तू माझी आतेबहीण, आचऱ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. मी मालवणच्या कचेरीत फायली इकडून तिकडे सरकवून संध्याकाळच्या एसटीने परत येणारा. दोघांना वेड एकच, विज्ञानाच्या थरारकथांचं. सावंतवाडीला तळ्याजवळ जुन्या पुस्तकांचा एक गाडा लागायचा. लोक सावंतवाडीहून लाकडी खेळणी आणायचे, आपण मुखपृष्ठं फाटलेली पॉकेटबुकं. पुस्तकांची खरी नावं आपण कधी वापरली नाहीत. आपण ठेवलेली नावं जास्त बरी होती.

'बारा मालकांचं' आपण एका आंब्याच्या हंगामात वाचलं. एक कारखानदार, कोणावरच विश्वास नसलेला. तो स्वतःचीच प्रतिरूपं बनवून घेतो आणि प्रत्येक कारखान्यावर एकेक नेमतो. मग त्यातल्या एकाचा खून होतो. इन्स्पेक्टर उरलेल्यांना एकेक करून बोलावतो आणि प्रत्येक जण तीच जबानी देतो, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी खोकत. तो खोकला तू वाचून दाखवलास तेव्हा हातातलं कोकम सरबत प्यायचंच राहून गेलं होतं.

मी म्हटलं, हे जुळ्या भावांचं जुनं नाटक आहे, फक्त पांढरा कोट घातलेलं. शिवाय खलनायक हातात पिस्तूल धरून दोन पानं भाषण देतो.

"मगे काय झाला? आमच्या तालुक्यातले पुढारी पिस्तूल नसताना चार पानां देतत," तू म्हणालीस. "तुका पुस्तकात दोष सापडलो नाय तर जेवण पचना नाय."

पण दोष तुलाही सापडला होता आणि तो माझ्या दोषापेक्षा चांगला होता. तू मला हाताला धरून बागेत नेलंस. भावोजी एका वाकलेल्या फांदीला टेकू देत होते.

"ही बघ. सगळी कलमां एकाच झाडाची. एकाच! म्हणजे ह्ये सगळे क्लोन. आणि ह्यां बघ," तू विहिरीजवळच्या झाडाला थापटी मारलीस, "नुसती पानां. आळशी. तां खाडीकडचां खाऱ्या वाऱ्यान वाकलेलां, पण गोडी तेचीच. आणि तां पलीकडचां तेच्या मनात येयत तेव्हाच मोहरता. आणि तुझ्या लेखकाचे बारा मालक बाराय जण एकाच जाग्यार खोकतत! मेल्यान जन्मात कधी कलम बांधूक नाय."

भावोजी वळून म्हणाले, "इंदू, झाडांक तरी सुट्टी दी गो."

मी वकिली केली. प्रतिरूपं वेगवेगळी निघणार असतील तर त्यांची भीती कसली? मग थरारकथा उरते कुठे?

तू म्हणालीस, "भीती तेंची नाय रे. तू काय होतलंस, तां कोणीतरी आधीच ठरवलेला आसता, तेची भीती. कलमाक कोणी इचारूक नाय, बाबा तुका हापूस होवचां आसा काय."



त्याच्या पुढच्या वर्षी 'भोंग्याचं पुस्तक' हाती आलं. ते चढाओढीने वाचलं जाऊ नये म्हणून आपण करार केला: तुझ्या पडवीत बसून रोज एक प्रकरण, मोठ्याने, पाळीपाळीने. पुस्तक तुझ्या घरी राहायचं. मी एकटा पुढे वाचीन या भीतीने तू ते रोज नव्या जागी लपवायचीस. एकदा ते हळदीच्या डब्यामागून निघालं आणि पुढची तीन प्रकरणं पिवळी झाली.

काय पुस्तक होतं ते! एक गिरणीचं शहर. सकाळी भोंगा वाजतो आणि लोकांना वाटतं, तो फक्त वेळ सांगतो. नायक घड्याळं दुरुस्त करणारा. भोंग्याची लांबी कधी कधी बदलते, हे फक्त त्याच्या लक्षात येतं. भोंगा लांबला की त्या आठवड्यात सगळं शहर एकाच रंगाच्या छत्र्या घेतं. आखूड झाला की सगळे मिळून एखाद्या माणसाला विसरतात. तो माणूस रस्त्यात उभा राहून हाका मारतो आणि त्याची बायको त्याला पत्ता विचारणारा परका समजते. त्या जागी तू वाचता वाचता थांबलीस आणि आत जाऊन भावोजींना विचारून आलीस, "माका वळाखतास मा?"

दोन्ही पुस्तकांची तुलना करण्यात आपण अख्खा दिवाळीचा फराळ संपवला. माझं म्हणणं, खून पहिल्या पुस्तकातला सरस. तुझं म्हणणं, पहिल्यातला मालक समोर तरी येतो. त्याला पकडता येतं, तुरुंगात टाकता येतं. दुसऱ्यात कोणाला पकडणार? प्रत्येक जण शपथेवर सांगेल की छत्री मला आवडली म्हणून घेतली. "पयल्यात माणूस बाहेरसून बनवलेलो, दुसऱ्यात आतसून," तू म्हणालीस. परीक्षणं लिहिणाऱ्या एकाही विद्वानाने हे इतक्या कमी शब्दांत सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांना शब्दावर पैसे मिळत असावेत.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात घड्याळवाला शहराचं फाटक ओलांडून बाहेर येतो. तिथे भोंगा ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो शांतता ऐकतो आणि उभा राहतो. आता निघून जायचं की लोकांना सांगायला परत फिरायचं? तिथे प्रकरण संपलं. शेवटचं उद्या वाचायचं होतं.

उद्या गावपळण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सांगून पटत नाही. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी देवाचा कौल होतो, ढोल वाजतो आणि अख्खं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळं घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, माणसाचा आवाज उमटत नाही. लोक खाडीपलीकडे झावळांच्या झोपड्या बांधून राहतात. आजारी माणसाला खाटेवर घालून नेतात. जात, धर्म, हुद्दा काही आड येत नाही.

भावोजींनी गाडीत कोंबड्यांचे खुराडे, वासरू, तांदूळ, पाटा-वरवंटा, सगळं भरलं. झोपडीत चूल मांडून झाली, तू पदर खोचून उभी राहिलीस आणि तुझा चेहरा पडला.

"मेल्या! पुस्तक!"

"खंय आसा?"

"कणगीत."

धान्याच्या कणगीत, भाताच्या खाली, हातभर खोल. मी शोधू नये म्हणून.

शेजारच्या झोपडीतून भागीकाकीने डोकं बाहेर काढलं. "काय गो इंदू, दागिने रवले काय घरात?"

"दागिने नाय गो काकी. शेवट रवलो!"

काकीला कळेना. मग तू तिला सुरुवातीपासून गोष्ट सांगायला बसलीस. भोंग्याचा आवाज तू तोंडाने काढलास आणि तो ऐकून पलीकडच्या झोपड्यांतली माणसंही येऊन बसली. दुपार कलली, कोणाचा भात करपला, कोणाचं रेडकू सुटलं, पण तू घड्याळवाल्याला फाटकापर्यंत आणून सोडलंस तेव्हा कोणी उठलं नाही. आणि तू म्हणालीस, "पुढचा आमका पण ठावक नाय."

इतका संताप मी त्या गावात निवडणुकीतही पाहिला नव्हता.

मग वाद पेटला. मी म्हणत होतो, तो निघून जातो. ज्याला एकदा कळलं तो परत कशाला जाईल? तू म्हणत होतीस, तो परत येतो. निम्म्या झोपड्या तुझ्या बाजूला, निम्म्या माझ्या. भागीकाकीने एकच प्रश्न विचारला. "तेचा लगीन झालेला आसा मा? मगे जातलो खंय?"

मी मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, "तुम्ही सगळे भोंग्याला हसता. आणि तुम्ही इथे का बसलात? कौल लावताना मूर्तीवरची एक पाकळी पडली म्हणून. पाकळी वाऱ्यानेही पडते."

"पडांदे," तू म्हणालीस. "भोंगो वाजवणारो लपलेलो आसा. हयसर कोण लपलो? ढोल वाजवणारो समोर बसलोहा, बघ, बिडी ओढता." ढोलवाल्याने हात वर केला. "छत्री घेणाऱ्याक ठावक नसता कोण घेवक लावता. आमका ठावक आसा. ठावक असान इलो."

"म्हणजे जास्तच वाईट."

"मगे तू कित्याक इलंस? रस्तो मोकळो आसा."

मी म्हटलं, एकट्यासाठी भात कोण शिजवणार? लोक हसले. ते उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. समोर खाडीवरचा लाकडी साकव, पलीकडे रिकामं गाव, माड आणि बंद दारं. दहा मिनिटांत जाऊन पुस्तक आणता आलं असतं. मी उठून चपला घातल्या.

"जातंस?" तू शांतपणे विचारलंस.

"जातंय."

"जा. कोण अडवणा नाय." मग तू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "पण बघा हां. वेशीबाहेर येवन, सगळा समजान, ह्यो परत गावात चललो. घड्याळवालोय असोच परत गेलो असतलो. गेलंस तर तू हरलंस!"

मी एक पाय साकवावर ठेवून उभा राहिलो. देवाच्या धाकाने थांबलो असतो तर एक वेळ समजलं असतं. मी तर्कात अडकून थांबलो. चपला काढून परत येऊन बसलो तेव्हा ढोलवाल्याने ढोलावर एक थाप मारली आणि भागीकाकी पोट धरून हसली. हसण्याने लाल झालेला तुझा तो चेहरा शोकसभेतल्या फोटोत असायला हवा होता.

पैज तिथेच लागली. घड्याळवाला गेला तर तू शाळेच्या संमेलनात सत्काराचं भाषण द्यायचं, शाल-श्रीफळ घेऊन, एक शब्दही तिरका न बोलता. परत आला तर माझ्या नावाने देवळात गाऱ्हाणं घालायचं, सगळ्या गावासमोर.

चौथ्या दिवशी गाव भरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरलो तर तू स्टँडवर उभी. "हरलंस रे वसंता! तो परत इलो!" तू पुस्तक माझ्यापुढे धरलंस. "घे, वाच. खात्री कर."

मी हात मागे घेतला. हरल्यावर पुरावा तपासायला मागणं मला कमीपणाचं वाटलं. शिवाय मी जाहीर केलं की तो शेवट चुकीचा आहे आणि चुकीचा शेवट मी वाचत नाही.

मग ते गाऱ्हाणं. देवळातल्या मानकऱ्याने देवाला साकडं घातलं आणि गावाने मागून होकार भरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो वसंता, सरकारी नोकरदार, आजपर्यंत तुझ्या कौलाक वारो म्हणत इलो..."

"व्हय म्हाराजा!"

"तेची अक्कल जाग्यार हाड आणि तेका पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज तुझा होता. मी नारळ धरून उभा होतो, उभ्या आयुष्यात ज्या समारंभांना हसलो त्या सगळ्यांची भरपाई करत. खरं सांगू? मजा आली. हे तुला सांगायचं राहिलं.

पुढे वर्षानुवर्षं तू मला तो शेवट ऐकवत राहिलीस. घड्याळवाला परत येतो तेव्हा रस्त्यावर छत्र्याच छत्र्या असतात. दुसऱ्या वेळी छत्र्या नव्हत्या, दारात बायको उभी होती. एकदा एक कुत्रं त्याला ओळखत नाही. मी म्हणायचो, "गेल्या खेपेस कुत्रं नव्हतं." तू म्हणायचीस, "तुझा लक्ष नव्हता." गावात पहिला टीव्ही आला आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले, तेव्हा तू मला मुद्दाम घराबाहेर बोलावून दाखवलंस. "गावपळणीत गाव बाहेर जाता, आता रविवारी आत पळता. आणि आता इचार तेंका, कोणी सांगितल्यान म्हणान." त्या एका वाक्यात तू तुझा अख्खा वाद जिंकली होतीस. मी ते मान्य केलं नाही. मान्य केलं असतं तर आपण पुढच्या रविवारी काय बोललो असतो?

इस्पितळात शेवटचं भेटलो तेव्हा मी भांडलो नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं म्हणून तू म्हणशील त्याला हो म्हणत गेलो. तू म्हणालीस, बारा मालकांचं पुस्तकच बरं होतं. मी म्हटलं, हो. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस आणि भावोजींना म्हणालीस, "माझो वसंता खंय गेलो? ह्यो कोण दुसरोच हाडून बसवल्यात?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्याबरोबर आहे. तू गेल्यापासून तालुक्यात माझ्याशी भांडणारं कोणी उरलं नाही. लोक मला मान देतात. फार कंटाळवाणा प्रकार आहे.

शोकसभा आटोपल्यावर भावोजी मला घरी घेऊन गेले. पडवीत बसवलं, आत गेले आणि ते पुस्तक घेऊन आले. हळदीचे डाग तसेच.

"ह्यां तुका देवक सांगल्यान. म्हणाली, आता वाचूक सांगा. हयसरच बसान."

मी फाटकाजवळचं पान काढलं. घड्याळवाला बाहेर उभा आहे, शांतता ऐकतो आहे. मी पान उलटलं. घड्याळवाला अंथरुणात आहे. भोंगा वाजतो. तो जांभई देतो, तोंड धुतो, छत्री घ्यायला हवी असं त्याला वाटतं.

क्षणभर मला तो जगातला सगळ्यात भयंकर शेवट वाटला. मग पानाचा आकडा दिसला. तो पुस्तकाच्या सुरुवातीचा होता. बांधणाऱ्याने शेवटच्या फर्म्याऐवजी, म्हणजे पानांच्या गठ्ठ्याऐवजी, सुरुवातीचाच फर्मा पुन्हा शिवला होता. मी पुढची पानं आणि मागची पानं ताडून पाहिली. तीच, शब्द न् शब्द. भोंग्याच्या पुस्तकाच्या पोटात एक प्रतिरूप निघालं! आपली दोन्ही पुस्तकं तिथे एकमेकांना भेटली होती आणि ही गंमत तू इतकी वर्षं एकटी खात बसलीस! शेवटचं प्रकरण त्या पुस्तकात कधी नव्हतंच. कणगी उपसून, भातात कोपरापर्यंत हात घालून काढलेल्या पुस्तकात तुला हे दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी तू सरळ स्टँडवर येऊन पुस्तक माझ्या नाकासमोर धरलंस, मी ते घेणार नाही हे ठाऊक असल्यासारखं. अख्ख्या गावाने नसलेल्या पानांच्या नावाने व्हय म्हाराजा म्हटलं.

आणि तरीही तू खोटं बोललीस असं मला म्हणता येत नाही. आपल्या प्रतीत तो परत येतो, इंदू. फाटकाबाहेर असतो आणि पान उलटताच घरात असतो, सगळं विसरलेला. कुत्रं मात्र कुठेच नाही. कुत्र्याचा जाब मी तुला विचारणार होतो.

मी हसायला लागलो. थांबता येईना. हाराचा वास येणाऱ्या त्या पडवीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भागीकाकी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावली. "रडता काय रे तो?"

"हसता," भावोजी म्हणाले. ते समोरच्या बाकड्यावर बसून माझ्याकडेच बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "बरां झाला. मगे ठेव तां तुझ्याकडे. तिना सांगितल्यान, तो हसलो तर पुस्तक तेचा. गप रवलो तर तो आमचो वसंता न्हय, मगे तां शाळेच्या वाचनालयाक दिया."

हाराखालच्या त्या शांत, सोशिक, मितभाषी बाईला हे सुचलं नसतं.

पुस्तक आता माझ्याकडे आहे. मी आपणहून हसलो, असं मला तरी वाटतं.